आक्कांसाठी बँडची धून, आणि एक पगाराची जागा

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आपल्याकडे सत्काराचा साचा ठरलेला आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, दोन भाषणं आणि चहा. ज्यांनी देणगी दिली त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर लागते. पण ज्यांनी पैसे दिले नाहीत, सकाळ-संध्याकाळ दिली, त्यांची पाटी कुठल्या भिंतीवर असते? बेळगाव, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, कुठल्याही गावातली जुनी मराठी शाळा घ्या. ती देणगीदारांनी बांधली असेल, पण चालवली कुणी? गॅदरिंगला साड्या नेसवणाऱ्या, सहलीला डबे मोजणाऱ्या, पावसाळ्यात पोरं घरी पोचली का ते बघणाऱ्या माणसांनी. त्यातल्या बहुतेक बायका. कुठल्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नाही.

आमच्या बेळगावातल्या शाळेत अशा एक बाई आहेत. सगळे त्यांना आक्का म्हणतात. नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "फेसबुकवर माझं नाव घालायचं नाही." माजी विद्यार्थ्यांनी यंदा त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा मी म्हटलं, शाल राहू दे, मी शाळेच्या बँडसाठी एक रचना लिहितो. मुलांनी बसून वाजवायची, साडेतीन-चार मिनिटांची, आक्कांच्या नावाची. ती लिहून झाली, तालीम सुरू आहे. पण आमच्या ग्रुपवर त्यावरून बरीच वादावादी झाली. म्हणून माझं म्हणणं एकदा नीट मांडतो.

आधी आक्कांचं काम सांगतो, म्हणजे रचना कशाबद्दल आहे ते कळेल.

१९९४ च्या जूनमध्ये त्यांचा मुलगा बँडमध्ये आला. मी तेव्हा सहावीत होतो, क्लॅरिनेट नुकतं हातात घेतलं होतं. आमचे बँडमास्तर मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले. शिकवायचे उत्तम, पण वाद्यं कुणी पुसायची, कपडे कुणी धुवायचे हा प्रश्न होता. आक्का मुलाला सोडायला आल्या आणि स्टोअरची खोली बघून पदर खोचून कामाला लागल्या. मुलगा दहावी होऊन पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला. आक्का येतच राहिल्या. आज ३१ वर्षं झाली.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन स्टोअर उघडायचं. पितळी वाद्यं आधी चिंचेनं घासायच्या, पुढे ब्रासो आलं. तोंडात धरायचे भाग कोमट पाण्यानं धुवून ज्याचे त्याच्या नावाच्या कापडी पिशवीत ठेवायचे. क्लॅरिनेटच्या सांध्याचं बूच सुकलं की मेण लावायचं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आदल्या रात्री पांढरे हातमोजे, पट्टे, मोजे धुवून त्यांच्या घरच्या दोरीवर वाळत असायचे. पहाटेच्या तालमीला डबाभर पोहे. आणि एक वही. कुठल्या मुलाकडे कुठल्या नंबरचं वाद्य, काय मोडलं, कोण किती दिवस आलं नाही, का आलं नाही, सगळं त्यात. अशा अकरा वह्या भरल्यात.

यात सगळ्यात मोठं काम वाद्यांचं नव्हतं. मुलींचं होतं. आमच्या वेळी बँडमध्ये मुली दोन. संध्याकाळची तालीम संपायला अंधार पडायचा आणि आई-बाप पाठवायचे नाहीत. आक्कांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "पोरगी माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर घरी पोचेल." आणि खरोखर प्रत्येकीला दारापर्यंत सोडून त्या घरी जायच्या. आज बँडमध्ये ३४ मुलं आहेत, त्यात १९ मुली. हे कुणाच्या ठरावाने झालं नाही. एका बाईच्या चालण्याने झालं.

आता पहिला आक्षेप. एकजण म्हणाले, "बँड म्हणजे वरातीचा किंवा परेडचा. माणसाच्या सन्मानाला बँड कसला?" मला हे पटत नाही. आपल्या गावांत बँड ही उपरी गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात १९२२ पासून आहे. कॅम्पात त्यांचा बँड ऐकत पिढ्या वाढल्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, गाणं स्वरलिपीत लिहायचं आणि गावातल्या मुलांना शिकवायचं ठरवलं. तीच शाळा वाढत आजच्या विद्यापीठाच्या संगीत विभागापर्यंत आली. गोव्यात चर्चच्या शाळांनी गावागावांतल्या मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं आणि त्यातून मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले. वाजवायला शिकवणं आणि लिहून ठेवणं हे आपल्या शेजारपाजारीच घडलंय.

आणि माणसाचं नाव संगीतात ठेवण्याचं उदाहरणही जवळचंच आहे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधलं ते ईस्टरच्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या नायकाचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं नाव प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं आहे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. शिष्याने गुरूला शाल दिली असती तर ती कपाटात गेली असती. गाण्यात नाव घातलं, ते आजही लग्नाच्या प्रत्येक बँडवाल्याच्या तोंडी आहे.

दुसरा आक्षेप जरा जाणकारांचा. "आपलं संगीत मींडेचं, बँडची वाद्यं खुंट्यांची आणि चाव्यांची. राग बँडवर मरतो." हा वाद जुना आहे. 'वंदे मातरम्' बँडवर वाजवता येत नाही असा आक्षेप स्वातंत्र्यानंतर घेतला गेला, तेव्हा मास्तर कृष्णरावांनी तो खोडून काढायला मुंबई पोलीस बँडचे प्रमुख गार्डनर यांची मदत घेऊन बँडवर वाजेल अशी रचना केली आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीताचा मान 'जन गण मन'ला मिळाला, 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा दर्जा मिळाला. पण बँडवर वाजत नाही, हे म्हणणं मास्तरांनी कायमचं मोडीत काढलं. कुठले स्वर निवडायचे आणि कुठले सोडायचे, एवढंच कळायला पाहिजे.

मी देशकार घेतला. आक्का सकाळच्या, देशकारही सकाळचा. सा, रे, ग, प, ध, एवढेच पाच स्वर, सगळे शुद्ध. भूपाचेही हेच पाच, पण भूप संध्याकाळचा आणि गंधारावर बसणारा. देशकारात धैवताला मान आणि चाल वरच्या अंगाने. मींड नाही म्हणून तो अगदी बैठकीतला देशकार होणार नाही. पण धैवतावर थांबत थांबत वरून खाली आलं की सकाळ झाल्यासारखं वाटतं, हे मुलांनाही न सांगता कळलं.

निवडीमागे दुसरं कारण अगदी बोटांचं आहे. बँडचा सा आम्ही काळी पाचला धरतो, कारण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट तिथे सोपी पडतात. आता क्लॅरिनेट शिकलेल्याला विचारा, सगळ्यात पहिलं रडू कुठे येतं. खालच्या सप्तकातून वर जाताना धैवतापर्यंत बोटं एकेक उचलत जायची, आणि निषाद आला की जवळपास सगळी भोकं एकदम बंद करून अंगठ्याने वरची चावी दाबायची. नवशिक्याचा सूर तिथेच चिरकतो. देशकारात निषादच नाही. वरचा सा मी ट्रम्पेटला आणि तीन मोठ्या मुलींच्या क्लॅरिनेटला दिला. बाकीची सहा क्लॅरिनेटं सा ते ध एवढ्यातच फिरतात. एकही मूल घाबरून वाजवत नाही.

ट्रम्पेटवाल्यांचे ओठ लवकर थकतात, त्यांना प्रत्येक ओळीनंतर विश्रांती ठेवलीय. एकाच सुराला क्लॅरिनेटवाली 'सी' म्हणते आणि आल्टो सॅक्सोफोनवाला 'जी', त्यामुळे प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहावा लागतो. पण खाली सरगमही लिहिलीय. सगळ्यांचा सा तो साच.

एक गोष्ट मी मुद्दाम केलीय. मधल्या भागात प्रत्येक मुलाला चार मात्रा एकट्याच्या आहेत. मागच्या रांगेतल्या, यंदाच आलेल्या पाचवीच्या मुलालासुद्धा. त्याने फक्त पंचम धरायचा, चार मात्रा, बाकी सगळे थांबणार. संगीताच्या दृष्टीने याची गरज होती का? नसेलही. पण आक्कांच्या वहीत शेवटच्या मुलाच्या नावाला पहिल्या मुलाएवढीच ओळ असते. त्यांच्या नावाच्या रचनेत कुणी गर्दीत लपलेलं चालणार नाही. उद्या कुणी मोठा व्यावसायिक वाद्यवृंद फुकट वाजवायला तयार झाला तरी मी नको म्हणेन. ही धून याच मुलांनी वाजवायची, पुढच्या वर्षी त्यांच्या मागच्यांनी. पाटी एकदा लागली की कुणी वाचत नाही. धून दरवर्षी नव्याने शिकावी लागते, आणि शिकवणाऱ्याला दरवर्षी सांगावं लागतं की या आक्का कोण होत्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात नाजूक. "याला मराठी शब्द घाला, नाहीतर आपलं काय राहिलं?" असं आमच्याच ग्रुपवर तीन-चार जणांनी लिहिलं. त्यांची कळकळ मला समजते. १९५६ नंतर आमच्या भागात शब्द कधी नुसते शब्द राहिले नाहीत. पाटी कुठल्या भाषेत, अर्ज कुठल्या भाषेत, यावर आमच्या दोन पिढ्या गेल्या. शाळेचे वर्ग आटत चाललेत हेही डोळ्यांसमोर दिसतं.

पण बँडमध्ये आज कोण आहे ते बघा. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी उर्दू, दोघी-तिघींच्या घरी कोंकणी. आक्का त्यांच्या आयांशी कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि रागावल्या की दोन्ही भाषांत एकदम. त्या घरोघर फिरल्या तेव्हा त्यांनी कुणाची भाषा विचारली नाही, पोरगी कधी सुटणार एवढं सांगितलं. त्यांच्या नावाच्या रचनेत मी असे शब्द घालणार नाही, जे वाजवणाऱ्या एखाद्या मुलीला वाटेल की आपले नाहीत. मात्र उलट टोकही मला मान्य नाही. कुणी म्हणालं, कार्यक्रमात नाव इंग्रजीत छापू, म्हणजे वाद नको. ते का? शाळा मराठी, आक्का मराठी, रचनेचं नाव मराठीतच राहील. धून सगळ्यांची, नाव आमच्या भाषेत. यात कुणाला अडचण वाटायचं कारण नाही, आणि आम्हीही लाजायचं कारण नाही.

आता जे मला खरं बोलायचंय ते. वरचं सगळं गोड आहे, हे जरा कडू लागेल.

'निःस्वार्थ सेवा' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. एखादी बाई ३१ वर्षं फुकट राबते, तेव्हा तिचं कौतुक जरूर करावं. पण तो खर्च संस्थेच्या हिशेबात कधीच का आला नाही, हेही विचारावं. बँडला स्टोअरकीपर लागतो, कपडे धुणारं माणूस लागतं, मुलींना सोडायला जबाबदार माणूस लागतं. ही चार माणसांची कामं आक्कांनी एकटीने केली, म्हणून आपल्याला ती कामं दिसलीच नाहीत. आक्का आता ७२ वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत. स्टोअरच्या पायऱ्या त्या कठडा धरून चढतात. गेल्या पावसाळ्यात त्या तीन आठवडे आजारी होत्या. तेवढ्यात दोन ट्रम्पेटांच्या चाव्या गंजून बसल्या आणि चार मुलींनी संध्याकाळची तालीम सोडली. एकीच्या आईने मला सरळ सांगितलं, "आक्का असत्या तर पाठवलं असतं."

या चार मुली परत आल्या, कारण आक्का परत आल्या. पुढच्या वेळी काय?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धून हा सन्मान आहे, मोबदला नव्हे. धून वाजवून आपण सगळे डोळे पुसत घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत बहात्तरीची बाई किल्ली घेऊन पायऱ्या चढली, तर तो सन्मान नाही, सोय आहे. आपल्या मनाची सोय. "आक्कांसारखी दुसरी कुणी मिळेलच" असं काही जण म्हणतात. मिळणार नाही, आणि मिळावी अशी अपेक्षाही करू नये. आज घरोघरी दोघं कमावतात. पुढची आक्का फुकट राबावी असं म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी आईवर भार टाकणं.

हिशेब सोपा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आम्ही शेकड्याने आहोत. त्यातल्या ६० जणांनी महिना २०० रुपये दिले तर १२,००० रुपये जमतात. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तासांच्या कामाला, जवळपास राहणाऱ्या एखाद्या बाईला तेवढे देता येतील. वाद्यदुरुस्तीचा छोटा फंड वेगळा ठेवायचा. कामं काय ती शोधायला समिती नको. आक्कांच्या अकरा वह्यांत सगळं लिहिलंय. पहिले सहा महिने आक्कांनी खुर्चीत बसून नव्या बाईंना शिकवायचं. शिकवण्याचं मानधन आक्कांनाही. त्या घेणार नाहीत हे मला माहीत आहे. पण देऊ करणं आपलं काम आहे, नाकारणं त्यांचं.

रचना लिहून झाल्यावर मी त्यांना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्यावर कशाला रे बाळा? मी अजून मेलो नाही."

मी म्हटलं, "आक्का, मेल्यावर केलेलं ऐकायला येत नाही."

मग जरा वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, "त्या लहान मुस्तफाला जमतंय काय? त्याचा दम पुरत नाही, त्याला जास्त नको देऊ." (नाव मी बदललंय.) स्वतःच्या नावाची धून कशी आहे हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. पगाराच्या जागेचं सांगितलं तेव्हा मात्र लगेच म्हणाल्या, "हे आधी कर. धून काय, मागनं वाजव की."

तर मंडळी, मी त्यांचं ऐकायचं ठरवलंय. धून गॅदरिंगला वाजणारच, कागदावर त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, मराठीत छापलेलं असणार. पण त्याआधी ६० नावांची यादी पूर्ण झाली पाहिजे. आजपर्यंत २७ झालीत. आमच्या शाळेचे जे हे वाचतायत त्यांनी मला मेसेज करा. दुसऱ्या गावांतल्यांना एवढंच सांगणं: तुमच्याही शाळेत, वाचनालयात, गणेशोत्सवात अशी कुणीतरी आक्का, काकी, ताई असेल. त्यांची आठवण इथे जरूर लिहा. पण लिहून झाल्यावर उद्या सकाळी जाऊन बघा, किल्ली अजून त्यांच्याच हातात आहे का, आणि त्यांना आता किती पायऱ्या चढाव्या लागतात.